वासा किती लांब कापायचा?

पायथागोरसचा सिद्धांत कुठे उपयोगी पडतो, असे नववीच्या वर्गात विचारले की एक ठरावीक उत्तर येते : भिंतीला टेकवलेली शिडी. उदाहरण चुकीचे नाही, पण त्यात एक उणीव आहे. शिडी आधीच तयार असते. तिची लांबी काढण्यात आपली चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. छपराच्या वाशाचे तसे नाही. लाकूड मोजकेच असते, करवत एकदा फिरली की फिरली, आणि एका वाशात झालेली चूक पंचवीस-तीस वाशांत जशीच्या तशी उतरते. म्हणून या लेखात आपण शिडी बाजूला ठेवू आणि वासा हातात घेऊ.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असे म्हणतात. आम्ही मात्र ते मोजले, आणि तेही चुकीचे मोजले. त्याची हकीकत पुढे येईलच.

उतार कशासाठी?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढच्या काळात चिंचवड, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा तयार झाला. आज चाकणच्या रस्त्याने जाताना पोलादी सांगाड्यांच्या आणि रंगीत पत्र्यांच्या मोठमोठ्या शेड दिसतात. पण मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांत शिरलो, की अजूनही मधूनमधून दुपाखी कौलारू घरे भेटतात. दोन्ही छपरांवर पाऊस तोच पडतो. मग कौलांचे छप्पर इतके उभे आणि पत्र्याचे इतके सपाट का?

कारण सांध्यांमध्ये आहे. पत्रा सलग असतो, त्याला सांधे थोडे. कौलांच्या छपरात दर वीत-दीड वितीवर एक सांधा येतो. पाणी रेंगाळले किंवा वाऱ्याने मागे ढकलले गेले, तर ते सांध्यातून आत शिरते. म्हणून कौलांवरून पाणी लवकर निघून गेले पाहिजे. 'आढ्याचे पाणी वळचणीला' हे खरेच, पण ते किती वेगाने जाते यावर घर गळणार की नाही हे ठरते. कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले असोत, किंवा बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला ती यंत्रावर दाबलेली मंगळुरी कौले असोत, त्यांना पुरेसा उतार लागतोच.

आपल्या भागात हे नकाशावरही दिसते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे मिलिमीटर. आणखी पूर्वेला, सोलापूरकडे गेलो की मातीची सपाट माळवदे दिसू लागतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मध्ये कुठेतरी येतात. आपल्या उदाहरणासाठी आपण १ : २ असा उतार घेऊ. म्हणजे दोन मीटर आडवे गेल्यावर छप्पर एक मीटर चढते.

अंश नकोत, प्रमाण हवे

काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यातील एका शाळेने प्रयोगशाळेसाठी कौलारू खोली बांधायचे ठरवले. एका पालकांनी जुन्या घराचे सागवानी लाकूड देऊ केले होते. ते ५० मि.मी. रुंद आणि १०० मि.मी. उंच अशा वाशांसाठी चिरून घेतल्यावर ३.३ मीटर लांबीचे २७ नग निघाले. खोली ७.२ मीटर लांब, वाशांतील अंतर ६० सें.मी. म्हणजे दोन्ही टोके धरून वाशांच्या १३ जोड्या, एकूण २६ वासे. हाताशी जादा नग फक्त एक. विज्ञान मंडळाचे काम म्हणून आमचे त्या शाळेत जाणे-येणे होते. वाशांचे गणित आम्ही करून देऊ, असे आम्ही उत्साहाने सांगून टाकले.

खोलीची रुंदी, भिंतींच्या माथ्यावर बसवलेल्या लाकडी पट्ट्यांच्या बाहेरील कडांमधली, ४.८० मीटर होती. निम्मी २.४० मीटर. उतार १ : २ म्हणून चढ १.२० मीटर. आता कर्ण :

√(२.४०² + १.२०²) = √(५.७६ + १.४४) = √७.२० = २.६८३ मीटर

उताराचा कोन २६ अंश ३४ मिनिटे. आम्ही कागदावर आकृती काढून लांबी आणि कोन दोन्ही लिहून दिले. मिस्त्रींनी कागद पाहिला आणि म्हणाले, "सर, डिग्री राहू द्या. हात दोन हात आडवं गेल्यावर किती चढायचं, तेवढं सांगा."

तेव्हा आम्हाला हे अडाणीपणाचे वाटले होते. पण जरा हिशेब करून पाहा. कोनमापकाने कोन आखताना अर्ध्या अंशाची चूक सहज होते. २.४ मीटरच्या आडव्या अंतरावर या अर्ध्या अंशामुळे चढात सुमारे अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. गुण्यावर (म्हणजे काटकोन्यावर) २० सें.मी. आणि १० सें.मी. या खुणा धरल्या, तर तोच कोन काहीही न मोजता मिळतो. गुण्या जितका मोठा तितका तो अचूक. आपण ज्याला 'टॅन' म्हणतो आणि कोष्टकात शोधतो, ते मिस्त्री दोन बोटांनी पकडून ठेवतात.

गुण्या एवढ्यावर थांबत नाही. वाशाच्या वरच्या कडेवर तो असा ठेवा, की एका भुजेवरील २० ची खूण आणि दुसऱ्या भुजेवरील १० ची खूण अगदी कडेवर येतील. आता २० ची भुजा ही आडवी दिशा, म्हणजे पाणसळीची दिशा दाखवते. १० ची भुजा उभी दिशा, म्हणजे ओळंब्याची दिशा दाखवते. वासा जमिनीवर पडलेला असला, तरी छपरावर चढल्यावर ओळंबा कसा लोंबेल हे गुण्या आधीच सांगतो. वाशाच्या वरच्या टोकाचा काप ओळंब्याच्या रेषेत घ्यायचा. भिंतीवर टेकणारा काप पाणसळीच्या रेषेत घ्यायचा. दोन्ही काप गुण्याच्या दोन भुजांनी आखले जातात आणि ते एकमेकांना काटकोनात असतात, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

राहिली लांबी. दोन खुणांमधले कडेवरचे अंतर √(२०² + १०²) = २२.३६ सें.मी. आहे. गुण्या एकामागे एक बारा वेळा पुढे सरकवला, तर आडवे अंतर बारा वेळा २०, म्हणजे २४० सें.मी. होते, आणि वाशावरचे अंतर बारा वेळा २२.३६, म्हणजे २६८.३ सें.मी. ज्या वर्गमूळासाठी आम्ही गणकयंत्र काढले, ते मिस्त्रींनी पेन्सिलीच्या बारा खुणांत मिळवले. √५ ही अपरिमेय संख्या आहे, दशांशात ती कधी संपत नाही. लाकडावर मात्र ती नेमक्या एका जागी सापडते.

काटकोन चौकोनाच्या कर्णाविषयीचे हे ज्ञान आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोरीच्या भाषेत सांगितले आहे. ३–४, ५–१२, ८–१५ अशा बाजूंच्या जोड्याही तेथे दिल्या आहेत. वेदी आखणाऱ्याला काटकोन हवा होता, छप्पर करणाऱ्याला कर्ण हवा असतो. साधन तेच.

आमची चूक

मिस्त्रींनी २६ वासे एकदम कापायला घेतले नाहीत. आधी दोनच वासे कापले, आमच्या मापाने. मग मोकळ्या जागेत दोन्ही वासे समोरासमोर उभे केले आणि मध्ये आढ्याच्या फळीचा एक तुकडा धरला. ही फळी ४० मि.मी. जाड होती. वाशांचे वरचे काप फळीला नीट चिकटले. मग त्यांनी खाली, भिंतीवर बसायच्या दोन जागांमधले अंतर मोजले. ते ४.८० मीटर यायला हवे होते. आले ४.८४.

चाळीस मिलिमीटर जास्त! आकडा पाहताच चूक लक्षात येते. आम्ही निम्मी रुंदी काढली, ती खोलीच्या मध्यरेषेपर्यंत. पण वासा मध्यरेषेपर्यंत जातच नाही. तो फळीच्या बाजूला थांबतो. फळीची जाडी आमच्या आकृतीत नव्हती. कारण आकृतीत आम्ही आढे एका बिंदूने दाखवले होते, आणि बिंदूला जाडी नसते.

खरी गंमत यापुढे आहे. आमच्यातील एकजण लगेच म्हणाला, "चाळीस मिलिमीटर जास्त आहे ना, मग प्रत्येक वासा चाळीस मिलिमीटर कमी करू." आम्हालाही क्षणभर ते पटले. तसे केले असते, तर प्रत्येक वासा पावणेदोन सेंटिमीटर आखूड झाला असता. लांब वासा पुन्हा कापता येतो, आखूड वासा लांब करता येत नाही. जादा लाकडाचा नग एकच होता.

योग्य हिशेब असा. चाळीसची चूक दोन वाशांत वाटलेली आहे, म्हणून प्रत्येकी २० मि.मी. आणि हे २० मि.मी. आडव्या दिशेतले आहेत. वाशाच्या दिशेत त्यांचे २० × १.११८ = २२.४ मि.मी. होतात. (२.६८३ ला २.४० ने भागले की १.११८ हा गुणक मिळतो. १ : २ उतार असेल तेथे आडव्या लांबीला या आकड्याने गुणायचे.) मिस्त्री हा गुणाकारही करत नाहीत. ते वरच्या ओळंब्याच्या रेषेपासून गुण्याच्या आडव्या भुजेवर २० मि.मी. मोजतात आणि तेथून पहिल्या रेषेला समांतर दुसरी रेषा काढतात. काम झाले.

आता पूर्ण माप पाहू. मध्यरेषेपर्यंतची लांबी २६८३ मि.मी. त्यातून आढ्यासाठी २२ वजा : २६६१. भिंतीबाहेर पागोळ्यांसाठी छप्पर ४५ सें.मी. पुढे काढायचे होते. ४५० × १.११८ = ५०३. एकूण ३१६४ मि.मी.

हे अंतर कोठून कोठपर्यंत? वरच्या ओळंब्याच्या रेषेपासून खालच्या ओळंब्याच्या रेषेपर्यंत, वाशाच्या कडेला समांतर. दोन्ही रेषा एकमेकींना समांतर असल्यामुळे हे अंतर वरच्या कडेवर मोजा, खालच्या कडेवर मोजा किंवा मधून मोजा, सारखेच येते. पण एका टोकाला वरची कड आणि दुसऱ्या टोकाला खालची कड धरली, तर १०० मि.मी. उंचीच्या वाशात ५० मि.मी.ची गफलत होते. लाकूडसुद्धा ३१६४ चे पुरत नाही. तिरके काप बसण्यासाठी निदान ३२१४ मि.मी. लागते. आमचे नग ३३०० चे होते म्हणून निभावले.

भिंतीवरची खाच

वासा भिंतपट्टीवर घसरू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला त्रिकोणी खाच घेतात. तिचा एक काप पाणसळीत, दुसरा ओळंब्यात. हा त्रिकोण छपराच्या मोठ्या त्रिकोणाशी समरूप असतो. आडवी बैठक ६० मि.मी. ठेवली, तर उभा काप आपोआप ३० मि.मी. होतो. वाशाच्या खालच्या कडेपासून खाचेची काटकोनातील खोली सुमारे २७ मि.मी. भरते. वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल खाच घेऊ नये, असा साधारण नियम आहे. १०० मि.मी.च्या वाशात आपण त्या मर्यादेत आहोत. बैठक ७५ मि.मी. केली असती, तर खोली साडेतेहतीसपर्यंत जाऊन मर्यादा ओलांडली असती.

जुन्या लाकडात आणखी एक अडचण असते. सगळे नग सारखे उंच नसतात. एखादा ९७ भरतो, एखादा १०३. खाच खालच्या कडेवरून मोजली, तर वाशांच्या वरच्या कडा खाली-वर होतात आणि कौलांच्या रिपा लाटांसारख्या दिसतात. म्हणून खाचेच्या वर उरणारे लाकूड सर्व वाशांत सारखे ठेवायचे, म्हणजे मापन वरच्या कडेवरून करायचे. कौले वरच्या कडेवर बसतात, खालची कड कोणी पाहत नाही. तसेच वाशाला किंचित बाक असेल, तर फुगवटा वरच्या अंगाला ठेवतात. भाराने तो पुढे बसतो.

एकच नमुना

पहिली जोडी दुरुस्त झाल्यावर मिस्त्रींनी त्यातल्या एका वाशावर खडूने फुली मारली आणि बाकीचे सर्व वासे त्याच एका वाशावरून आखले. एका उत्साही विद्यार्थ्याने नुकताच कापलेला वासा पुढच्यासाठी वापरायला घेतला, तेव्हा त्यांनी तो काढून घेतला.

यामागे मापनशास्त्रातले एक मोठे तत्त्व आहे. पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीमुळे प्रत्येक नकलेत अर्धा मिलिमीटर वाढतो असे समजा. प्रत्येक वासा मूळ नमुन्यावरून आखला, तर कोणताही वासा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकणार नाही. पण दुसरा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून असे करत गेलो, तर सव्विसावा वासा साडेबारा मिलिमीटर लांब होईल. भोसरी-चाकणच्या यंत्रशाळांत जिग आणि मास्टर गेज वापरतात ते याच कारणासाठी. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे पालक रोज ही साधने हाताळतात. फुली मारलेला वासा हा त्या जिगचाच थोरला भाऊ आहे.

गुण्या बारा वेळा सरकवण्याच्या पद्धतीलाही हेच लागू होते. दर खुणेला अर्धा मिलिमीटर एकाच दिशेने चुकला, तर बारा खुणांत ६ मिलिमीटर जातात. चुका कधी इकडे, कधी तिकडे झाल्या, तर त्या काही प्रमाणात एकमेकींना खातात आणि फरक साधारण पावणेदोन मिलिमीटरच राहतो. म्हणून लांबी गणिताने काढावी, टेपने एका दमात मोजावी, आणि गुण्याने पडताळावी. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, तरच करवत हातात घ्यावी.

आढे : तुळई की फळी?

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. पुष्कळ जुन्या घरांत आढे हे जाडजूड लाकूड असते. त्याची टोके भिंतींत किंवा खांबांवर टेकलेली असतात आणि वासे त्याच्यावर बसतात. भार आढे उचलते. आमच्या खोलीत आढ्याच्या जागी पातळ फळी होती. ती भार उचलत नाही, दोन वाशांना समोरासमोर धरून ठेवते इतकेच. अशा वेळी वासे एकमेकांना रेटतात आणि त्यांचे पाय भिंतींना बाहेर ढकलतात.

किती ढकलतात? भार सारखा पसरलेला असेल, तर आडवा रेटा = (एकूण भार × रुंदी) ÷ (८ × चढ). एका जोडीवर २०० किलोचा भार धरला, तर रेटा (२०० × ४.८) ÷ (८ × १.२) = १०० किलो. चढ ०.८ मीटर इतका कमी केला, तर रेटा १५० किलो होतो. छप्पर जितके पसरट, तितका भिंतींना धोका जास्त. हा रेटा पेलण्यासाठी दोन्ही भिंतपट्ट्या आडव्या लाकडाने किंवा सळईने बांधून ठेवाव्या लागतात. जुन्या घराची दुरुस्ती करताना 'मध्येच येते' म्हणून हे आडवे लाकूड काढून टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. छप्पर त्या दिवशी पडत नाही. भिंती हळूहळू बाहेर झुकतात.

वर्गात काय करता येईल?

चाकण परिसरात यंत्रांच्या पेट्या आणि पॅलेटमधून पाइनचे लाकूड भरपूर निघते. त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या घेऊन एक दशांश प्रमाणात हेच छप्पर करता येईल : रुंदी ४८ सें.मी., चढ १२ सें.मी., आढ्याची फळी ४ मि.मी. लाकडावरील शिक्का मात्र पाहून घ्या. 'एचटी' म्हणजे कीड मारण्यासाठी तापवलेले लाकूड. 'एमबी' असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, ते वर्गात आणू नये.

पहिली जोडी मुलांना मुद्दाम आढ्याची जाडी न सांगता कापू द्यावी. खालचे अंतर ४८ ऐवजी ४८.४ सें.मी. का आले, हे त्यांनाच शोधू द्यावे. कोणीतरी 'प्रत्येकी ४ मि.मी. कमी करू' असे म्हणेलच. त्याला लगेच थांबवू नये. एक पट्टी वाया जाऊ द्यावी.

पुढच्या वर्गांसाठी आणखी एक प्रश्न. कारखान्याच्या शेडचा उतार १ : १० असेल आणि निम्मी रुंदी १५ मीटर असेल, तर तिरकी लांबी आडव्या लांबीपेक्षा किती जास्त? (उत्तर : सुमारे ७५ मि.मी.) हा फरक अर्धा टक्काच आहे. पण बोल्टाचे छिद्र ७५ मि.मी. बाजूला पडले, तर पोलादी वासाही जागेवर बसत नाही.

शाळेची ती खोली उभी राहिली. २६ वासे बसले, जादा नग तसाच उरला. मिस्त्रींच्या सांगण्यावरून त्याची एक लांब मोजपट्टी केली आणि ती प्रयोगशाळेच्या भिंतीला टांगली. आमचा पहिला कागदही मुख्याध्यापकांनी जपून ठेवला आहे. त्यावरच्या आकृतीत आढे अजून बिंदूच आहे.